म्हाताऱ्यांचा हॅलोवीन

त्या वर्षी आमच्या घरात चकलीचा सोऱ्या कपाटातून खाली आलाच नाही. आजी उन्हाळ्यात गेली होती, आणि वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही हे आईनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. एरवी ऑक्टोबर लागला की आमचा फ्लॅट भाजणीच्या वासानं भरून जायचा. भाजणी पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायची. शनिवारी दुपारी आई कढई चढवायची, एक्झॉस्ट फॅन घरघरत राहायचा आणि तरीही तळणीचा वास सगळ्या मजल्यावर पसरायचा. आमचा कॉन्डो, म्हणजे परदेशातली आमची सोसायटी, जुना होता. बुकित तिमाहच्या मोठ्या रस्त्यापासून आत, झाडांच्या मागे, चार-चार मजल्यांच्या बुटक्या इमारती, आणि प्रत्येक मजल्यावर सगळ्यांच्या दारांसमोरून जाणारा उघडा कॉरिडॉर. त्या कॉरिडॉरमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण पियानोचा सराव टाळतंय, कुणाच्या बाळाला दात येतायत हे सगळं सगळ्यांना कळायचं. सकाळी कोकिळा इतक्या ओरडायच्या की बाबा उशी डोक्यावर घेऊन झोपायचे, आणि मग उठून, डबा घेऊन, एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात जायचे. आई बँकेत होती. शाळेतून मी दुपारी आले की घराची किल्ली माझ्याकडे असायची, आणि पहिला आवाज यायचा तो खालच्या तलावात उड्या मारणाऱ्या मुलांचा.

हॅलोवीन आमच्याकडे कॅरल आंटीनं आणला. ती तळमजल्यावर राहायची, अमेरिकेहून नवऱ्याच्या नोकरीसाठी आलेली, उंच आणि मोठ्या हसण्याची. मला आठवतो तो पहिला हॅलोवीन म्हणजे तिनं लिफ्टजवळ चिकटवलेला एक कागद. ज्यांना आपल्या दाराशी मुलं आलेली चालतील त्यांनी दाराच्या कडीला नारिंगी रिबन बांधावी, एवढंच त्यावर लिहिलं होतं. रिबिनींचं बंडल तिनं तिथंच टांगून ठेवलं होतं. बांधणारे मोजकेच निघाले. भोपळा कोरायचा तर इथला भोपळा हिरवट, चपटा आणि दगडासारखा टणक, म्हणून तिनं कलिंगड कोरून त्यात मेणबत्ती ठेवली होती. ते हिरवं, दात विचकणारं कलिंगड दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी भरलं तेव्हा आई म्हणाली होती की चांगल्या फळाची नासाडी केली. पण रिबन मात्र तिनं बांधली होती, कारण कुणी दाराशी येणार म्हटल्यावर दार बंद ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. चॉकलेटं आणायची असतात हे तिला ठाऊक नव्हतं. दिवाळी हॅलोवीनच्या आगेमागेच यायची, डबे भरलेले होते, तिनं मुलांच्या पिशव्यांत चकल्या टाकल्या. चकलीला इथं मुरुक्कू म्हणतात, म्हणून त्या दिवसापासून आमचं दार मुलांमध्ये मुरुक्कूवालं दार म्हणून प्रसिद्ध झालं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ते सगळं झपाट्यानं वाढलं. परदेशी मुलांच्या मागे त्यांच्या वर्गातली इथली मुलं आली, मग त्या मुलांची भावंडं, मग रस्त्यापलीकडच्या सरकारी ब्लॉकमधली मुलं. सुपरमार्केटमध्ये चिनी सणाच्या मूनकेकचे डबे उचलले जाण्याआधीच प्लॅस्टिकचे सांगाडे टांगले जाऊ लागले. गेटवरचे तमिळ वॉचमन काका डोक्यावर शिंगं लावून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला गंभीरपणे सलाम करायचे. आता शहराच्या काही भागांत त्या संध्याकाळी रस्त्यांवर मुंगीला वाट मिळत नाही, लोक लांबून गाड्या करून येतात, घराघरांवर हवा भरलेले राक्षस डुलत असतात. मला तेही आवडतं. अनोळखी मुलांसाठी स्वतःच्या अंगणात धुराचं यंत्र लावून बसणाऱ्या माणसांचं मला अजून नवल वाटतं. पण आमच्या कॉरिडॉरमधला हॅलोवीन हा ओळखीच्या दारांचा होता, आणि कुठल्या दाराला रिबन नाही हेही सगळ्यांना पाठ होतं.

आमच्यापासून दोन दारं सोडून हुई मिन राहायची. ती माझ्याच वर्गात. तिच्या दाराला रिबन कधीच नसायची, कारण घरात तिचे आजोबा होते. ती त्यांना आ गोंग, म्हणजे आजोबा, म्हणायची, म्हणून मीही. ते सेम्बावांगच्या जहाजांच्या कारखान्यात आयुष्यभर वेल्डिंग करून निवृत्त झालेले, बुटके, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या बनियनवर असायचे. भुताखेतांची थट्टा त्यांना सहन व्हायची नाही. चिनी लोकांचा सातवा महिना आला की ते इमारतीच्या मागे पत्र्याच्या पिंपात कागदी नोटा जाळायचे, भात, संत्री, उदबत्त्या मांडायचे, गेलेल्यांना जेवू घालून परत पाठवायचे. एकदा मानानं पाठवलेल्यांना दोन महिन्यांनी टॉफीसाठी पुन्हा बोलवायचं हे त्यांना पटत नव्हतं. हॅलोवीनच्या संध्याकाळी ते दिवे मालवून बसायचे, आणि हुई मिनला कधी भुताचं सोंग घेऊ देत नसत. त्या वर्षी तर प्रश्नच नव्हता. तिची आजी, म्हणजे आ मा, चिनी नववर्षानंतर थोड्याच दिवसांत गेली होती.

आमचे आजोबा आले ते नेमके त्याच सातव्या महिन्यात. ते आईचे वडील. आई त्यांना अण्णा म्हणायची. आजी गेल्यावर पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटे चहाबिस्किटांवर दिवस काढतायत हे कळल्यावर आईनं इथून त्यांच्या राहण्याच्या परवान्याची सगळी व्यवस्था केली आणि स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ते संकोचून गेले होते. ग्लास स्वतः विसळायचे, पंखा बंद करत फिरायचे. पूर्वी ते असे नव्हते. आजोबा नाटकांचे रंगभूषाकार होते. मोठ्या नटांपासून गणेशोत्सवातल्या हौशी मंडळींपर्यंत सगळ्यांचे चेहरे त्यांनी रंगवले होते, आणि आम्ही पुण्याला गेलो की दौऱ्यावरच्या गमती सांगून हसवून हसवून बेजार करायचे. आता ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसत आणि विचारलं तेवढंच बोलत. आजीचं नाव तर त्यांनी इथं आल्यापासून एकदाही काढलं नव्हतं. आईनंही काढलं नव्हतं. घरात तिघं मोठी माणसं एका नावाला वळसा घालून वावरत होती.

आल्यानंतरच्या दिवसांत एकदा संध्याकाळी मी त्यांना खाली फिरायला नेलं. इमारतीच्या मागे आ गोंग पिंपात कागद जाळत होते. आजोबांनी मला विचारलं हे काय चाललंय, मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, बाजूला उभे राहिले आणि हात जोडले. आपल्याकडे पितृपंधरवड्यात करतात तेच, एवढंच ते मला म्हणाले. आ गोंगनी मान वर करून पाहिलं, आणि जाताना आजोबांच्या हातात एक संत्रं ठेवून गेले. त्यानंतर दोघं रोज संध्याकाळी तलावाजवळच्या बाकावर बसू लागले. एकाला होक्कियन ही चिनी बोली, मलय आणि मोडकं इंग्रजी यायचं, दुसऱ्याला मराठी, हिंदी आणि नाटकांच्या जाहिरातींपुरतं इंग्रजी. ते बोलायचे नाहीत. मुलं पोहताना बघायचे, आणि अंधार पडला की आपापल्या घरी जायचे.

ऑक्टोबरमध्ये मी झॉम्बी व्हायचं ठरवलं होतं. मॉलमधून खोट्या रक्ताची ट्यूब आणली होती आणि एका रविवारी दुपारी बाथरूमच्या आरशासमोर ते तोंडाला फासत होते. आजोबा दारात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं की हे रक्त आहे की पोळीबरोबर खाल्लेला जॅम सांडलाय. मी म्हटलं तुम्ही करून द्या मग झॉम्बी. त्यांनी मान हलवली.

"मी भुतं करत नाही," ते म्हणाले. "भूत कुणी पाहिलंय? कसंही केलं तरी खपतं. त्यात काय मजा? बस इथं. तुला म्हातारी करतो."

ते आत गेले आणि त्यांची पत्र्याची पेटी घेऊन आले. पुण्याहून निघताना आईनं ती पेटी दोनदा बॅगेतून बाहेर काढली होती आणि त्यांनी दोनदा परत ठेवली होती. तिच्यात चेहऱ्याला लावायच्या पॅनकेक रंगाच्या डब्या होत्या, काजळकांड्या, ब्रश, मिशांचे केस, आणि ते चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली, जिचा वास उघडताच सगळ्या खोलीत पसरला. त्यांनी मला बाल्कनीच्या उजेडात बसवलं. आधी बर्फाचा खडा रुमालात धरून चेहऱ्यावर फिरवला, म्हणजे घामानं रंग ओघळत नाही. मग मला म्हणाले हस. आता रड. आता गणिताचा पेपर समोर आलाय असं समजून कपाळाला आठ्या घाल. जिथं कातडी मोडत होती तिथं ते बारीक तपकिरी रेघ ओढायचे, तिच्या शेजारी फिकी रेघ, आणि बोटानं दोन्ही एकमेकांत मिसळून टाकायचे. प्रत्येकाच्या सुरकुत्या जन्मतःच ठरलेल्या असतात, ते म्हणाले, आपण फक्त त्या लवकर बोलवायच्या. त्यांचा हात थरथरत नव्हता. जेवताना आमटीचा चमचा धरला की थरथरायचा, ब्रश धरला की नाही.

मी आरशात पाहिलं तर आत एक म्हातारी होती आणि ती मीच होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहून जागच्या जागी थांबली, आणि पुन्हा आत निघून गेली. मी आजीसारखी दिसत होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. रात्रीच्या जेवणाला मात्र विषय निघाला. आईचं म्हणणं सरळ होतं. यंदा आपण दाराला कंदील लावणार नाही, उटणं नाही, फराळ नाही, आणि घरात सोंगं रंगवत बसायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. आजोबांनी घास संपवला, पाणी प्यायले.

"शुभा, आपल्याला सण नाही, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हा कॅरलचा सण आहे ना?"

बाबांना हसू आवरलं नाही. आई हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना तिनं कापसाची मोठी गुंडाळी आणि बर्फाचे जास्तीचे ट्रे आणले.

मी म्हातारी झाल्याची बातमी कॉरिडॉरमध्ये पसरायला वेळ लागला नाही. कॅरल आंटी स्वतः वर आली आणि आपल्या दोन्ही मुलांना आजोबा म्हातारं करतील का, असं तिनं मला विचारलं. आजोबांनी तिच्या मुलांची तोंडं हनुवटीला धरून उजेडाकडे वळवली आणि गोऱ्या कातडीवर रेघा जास्त खुलतात असं समाधानानं म्हणाले. मग आणखी मुलं आली, त्यांच्या आया आल्या. बघता बघता असं ठरूनच गेलं की यंदा आमच्या मजल्यावरची सगळी मुलं म्हातारी होऊन निघणार.

हॅलोवीनच्या दोन दिवस आधी हुई मिन आली. दार लावून घेतलं आणि मला हळूच म्हणाली की तिलाही म्हातारी व्हायचंय, पण अशीच कुठलीतरी नाही. तिला आ मा व्हायचं होतं. तिनं फोनवर फोटो दाखवला. जांभळ्या फुलांच्या ब्लाउजमधली एक बारीक बाई, आखूड कापलेले पांढरे केस, ओठांच्या एका कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. मी आजोबांना मराठीत सांगितलं. त्यांनी चष्मा लावून फोटो पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारलं की तिच्या आईला हे माहीत आहे का. नव्हतं. मग तिच्या आईला बोलावून आणा, असं ते म्हणाले.

हुई मिनची आई ऑफिसच्या कपड्यांतच आली आणि आत न येता दारातच उभी राहिली. तिनं जे सांगितलं ते मी आजोबांना सांगत गेले. सासूबाई गेल्यापासून सासरे जेवायला टेबलावर बसत नाहीत, वाटी घेऊन स्वयंपाकघरात उभ्यानं खातात. फोटोसमोर रोज उदबत्ती लावतात, पण त्यांच्याबद्दल शब्द काढत नाहीत, आणि दुसऱ्या कुणी काढला तर उठून जातात. हे बघून ते चिडतील, की आणखी काही होईल, हे तिला सांगता येत नव्हतं. पण हुई मिनलाही कुणाशी तरी आजीबद्दल बोलायचंय, हे तिला दिसत होतं. आमची आई मध्येच मराठीत आजोबांना म्हणाली, "नको, अण्णा. म्हातारा माणूस आहे. आपल्या हातून काही भलतं झालं तर आयुष्यभर पुरेल." आजोबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली बाकावर आ गोंग एकटेच बसले होते. परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून हुई मिनच्या आईला दोन गोष्टी सांगायला लावल्या. एक म्हणजे, मुलगी म्हातारी होऊन येणार आहे, भूत होऊन नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवायचं. आणि दुसरी, ते बघवत नाही असं म्हणाले तर त्याच क्षणी तोंड धुऊन टाकायचं. हुई मिनच्या आईनं लेकीकडे पाहिलं. मग इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली, "ओके अंकल. वी ट्राय, लाह."

"हुबेहूब करायचं नाही," आजोबा नंतर आईला समजावत होते. "हुबेहूब केलं की माणूस दचकतो. आठवण होईल एवढंच करायचं. खाली नात दिसत राहिली पाहिजे."

हॅलोवीनच्या दिवशी दुपारपासूनच आमच्या दारासमोर कॉरिडॉरमध्ये मुलांची रांग लागली. प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक उठायचं, दुसरं बसायचं. आई बर्फ फिरवायची, आजोबा रेघा ओढायचे, मी केसांना पावडर लावायची आणि हस, रड, आठ्या घाल हे इंग्रजीत सांगायची. बाबा ऑफिसातून लवकर आले आणि कापसाच्या भुवया कापायला बसले. कुणी वडिलांच्या पायजम्यावर बनियन घातलं होतं, कुणी लुंगीसारखा बाटिकचा सारोंग गुंडाळला होता, छत्र्यांच्या काठ्या झाल्या होत्या. मी आईची सुती साडी नेसले होते. कॅरल आंटीचा धाकटा मुलगा मिशा लावल्याबरोबर खरोखरच कण्हत चालू लागला. हुई मिनला आजोबांनी शेवटी ठेवलं. इतर मुलांना ते चटचट उरकत होते, तिच्याजवळ त्यांनी वेळ घेतला. फोटोकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही. डोळ्यांखाली थोडी छाया, गालांवर अगदी कमी, आणि ओठाच्या त्या एकाच कोपऱ्यात एक घडी. तिची आई घरातून जांभळ्या फुलांचा ब्लाउज घेऊन आली होती. तो हुई मिनला खांद्यात सैल होत होता. ती उभी राहिली तेव्हा जमलेल्या पोरांनी मागं सरून तिला वाट करून दिली.

सूर्य मावळता मावळता आम्ही निघालो. पहिलं दार तिचंच होतं. रिबन नव्हती, आत दिवा नव्हता. आम्ही सगळी म्हातारी मंडळी मागे भिंतीला टेकून उभी राहिलो. आजोबा आमच्या दारातून पाहत होते, हातात अजून ब्रश होता. हुई मिननं बेल वाजवली. आतून सपाता घासत येण्याचा आवाज आला. लाकडी दार उघडलं. बाहेरची लोखंडी जाळी तशीच बंद होती, आणि जाळीपलीकडे आ गोंग उभे होते.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. खाली तलावाजवळ कुणाच्या तरी स्पीकरवर भुतांचं हसणं वाजत होतं, ते संपलं आणि पुन्हा सुरू झालं. मग त्यांनी जाळीचं कुलूप काढलं. बाहेर आले. हात पुढे केला आणि तिच्या ब्लाउजचं गळ्याजवळचं वरचं बटण, जे उघडं राहिलं होतं, ते लावलं. त्यांच्या बोटांना ते छोटं बटण पटकन सापडेना, पण ती हलली नाही. बटण लागल्यावर ते त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात. हुई मिननं मान हलवून उत्तर दिलं. नंतर मी तिला विचारलं की काय म्हणाले. ते म्हणाले होते, जेवलीस का? आणि ती म्हणाली होती, अजून नाही.

ते आत गेले. घरातला दिवा लागला, मग दुसरा, मग कॉरिडॉरवरचाही. त्यांच्याकडे टॉफ्या कुठून असणार. ते बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आले आणि आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत मूठ मूठ बिस्किटं टाकली. प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होते. कॅरल आंटीच्या धाकट्या मुलाच्या मिशा त्यांनी हलकेच ओढून पाहिल्या. शेवटी त्यांनी मान वर केली आणि आमच्या दाराकडे पाहिलं. आजोबांनी हात जोडले.

तासाभरानं आम्ही सगळीकडून फिरून परत आलो. रंग उतरवायला आजोबा खोबरेल तेलाची वाटी आणि कापूस घेऊन तयारच होते. एकेक मूल स्टुलावर बसायचं आणि पुन्हा लहान होऊन उठायचं. हुई मिन आली तेव्हा तिच्याबरोबर आ गोंगही आले. आमच्या घरात त्यांनी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आईनं खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. आजोबांनी कापूस तेलात बुडवला आणि हुई मिनची हनुवटी धरली, तेवढ्यात आ गोंगनी हात वर केला. आजोबा थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आजोबांनी तो कापूस त्यांच्या हातात दिला आणि स्वतः वाटी धरून बाजूला उभे राहिले.

आ गोंगनीच तिचा चेहरा पुसला. आधी कपाळ, मग गाल. जहाजांचे पत्रे सांधलेले ते जाड हात इतके हळू फिरत होते की कापूस टेकतोय की नाही कळत नव्हतं. ओठाजवळची ती घडी त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवली. तिथं ते जरा थांबले, तिला काहीतरी म्हणाले, आणि मग तीही पुसली. खालून हुई मिन आली, तेलानं चमकणारी, नाक लाल झालेली. त्यांनी तिच्या डोक्यावरची पावडर हातानं झटकली. माझी आई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. जाताना आ गोंगनी आजोबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि मग नातीला घेऊन जेवायला घरी गेले. टेबलावर बसून जेवले, हे हुई मिननं मला दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये सांगितलं.

आम्हीही जेवायला बसलो. साधा वरणभात होता. आजोबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "सुधाला माझा हा धंदा आवडायचा नाही."

सुधा म्हणजे आजी. आईचा वाढता हात तसाच राहिला. आजोबा पुढे बोलत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी आजीला रंगपटात नेलं होतं आणि एका नटाला तिच्यासमोर ऐंशी वर्षांचा केलं होतं. ती घाबरून म्हणाली, मला कधी असं करू नका, मी होईन तेव्हा होईन. "मी कधी केलं नाही," ते म्हणाले. "म्हणून ती म्हातारी झालेली मला कधी दिसलीच नाही." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, मग आईनं एक सांगितली, तिच्या लहानपणची, आजीनं दौऱ्यावरून आलेल्या आजोबांना हातांचा रंग न उतरवल्यामुळे दारातच अडवल्याची. बाबांनी भात पुन्हा गरम केला. मला झोप येत होती, पण मी उठले नाही.

त्यानंतर आमच्या मजल्याचा हॅलोवीन तसाच राहिला. इतर इमारतींत चेटकिणी आणि सांगाडे वाढत गेले, आमच्या कॉरिडॉरमध्ये मात्र म्हातारे. मुलं आपापल्या घरातल्या कुणाचा तरी फोटो घेऊन यायची, केरळच्या आजोबांचा, मनिलातल्या आजीचा, कॅरल आंटीच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांचा. आजोबा दर फोटोबद्दल विचारायचे, माणूस कसा होता, रागीट होता का, गोड खायचा का. त्याशिवाय ब्रश उचलायचे नाहीत. मुलांना ठाऊक नसलं तर ती घरी पळायची आणि विचारून यायची. एवढी मुलं आपल्या आजी-आजोबांची चौकशी करत फिरतायत हे दृश्य मी पुढं कुठंच पाहिलं नाही. आ गोंगचं दार आता पहिलं उघडायचं. रिबन त्यांनी कधीच बांधली नाही, पण दिवे लावायचे.

आजोबा चार वर्षं आमच्याजवळ राहिले आणि एका सकाळी झोपेतच गेले. त्याच सुमारास कॉन्डो विकायची बोलणी सुरू झाली. बिल्डर सगळी जागा घेणार, बुटक्या इमारती पाडून तिथं टॉवर उभे करणार. सह्या झाल्या, माणसं एकेक करून निघू लागली. कॅरल आंटी अमेरिकेला परतली. हुई मिनच्या घरच्यांनी सेम्बावांगला फ्लॅट घेतला. आमची शेवटची मुदत नोव्हेंबरात होती, म्हणून तिथला शेवटचा हॅलोवीन आमच्या वाट्याला आला. निम्म्याहून जास्त दारं कुलपात होती. उरलेल्या घरांनी ठरवलं की मुलांना अंधाऱ्या दारांवरून जायला लावायचं नाही. रिकाम्या घरांच्या उंबऱ्यांवरही आम्ही दिवे ठेवले आणि वाट्यांत खाऊ. रंग मी लावणार होते. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात होते, पेटी माझ्याकडे होती, आणि आजोबांच्या हाताखाली इतकी वर्षं पावडर लावून मला सगळं येतं असा माझा समज होता.

दुपारी मी एका छोट्या मुलीच्या कपाळावर रेघा ओढत होते तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला आ गोंग दिसले. पुष्कळ वाकले होते. सेम्बावांगहून एमआरटी बदलत ते एकटे आले होते, एका हातात घडीचं स्टूल आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा. त्यांनी आपल्या जुन्या, बंद दारासमोर स्टूल उघडलं आणि बसले. मी रंगवलेली पहिली म्हातारी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नॉट बॅड. युवर आ गोंग बेटर." आणि तिच्या पिशवीत मूठभर बिस्किटं टाकली.